वाचक विचारतात : ‘उठून जाईन’ म्हणायचं, पण उठून जायचं कुठे?

मागच्या अंकात ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटनच्या युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्यावर लिहिताना मी एक वाक्य लिहून गेले होते, की ब्रिटनने युरोपियन युनियनशी बोलायच्या आधी स्वतःच्या घरात बोलून घ्यायला हवं होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. काही जण खूप रागावलेत, काहींनी अगदी मनापासून विचारलंय. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, पण बऱ्याच जणांचा मुद्दा एकच होता त्यामुळे पाच पत्रं निवडली. नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, माझा वाशी मार्केटला कांदा-बटाट्याचा गाळा आहे, तीस वर्षं झाली. आमच्याकडे साधा नियम, समोरच्याला कळलं की याला माल घेतल्याशिवाय गत्यंतर नाही की तो भाव एक रुपयाने पण सोडत नाही. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे बाई म्हणाल्या होत्या ना की वाईट करारापेक्षा करार नसलेला परवडला, ते अगदी बरोबर होतं. पण त्यांच्याच पार्लमेंटने नो-डील, म्हणजे कराराशिवाय बाहेर पडणं, नको म्हणून ठराव केला आणि त्यांचे हात बांधले. मग युरोपवाले कशाला ऐकतील? तुम्ही याबद्दल एक शब्द लिहिला नाही. — एक व्यापारी, वाशी

दादा, तुमचा नियम खोटा आहे असं मी म्हणणार नाही. भाजी घेताना मी पण चार पावलं पुढे जाते आणि मागून हाक येते. पण हाक येते कारण पुढे अजून चाळीस जण टोपल्या घेऊन बसलेत हे त्या मावशींना पण माहीत असतं आणि मला पण. आता ब्रिटन उठून कुठे जाणार होतं ते बघा. त्यांच्या एकूण निर्यातीतला ४४-४५ टक्के हिस्सा युरोपियन युनियनला जात होता, एकट्या डोव्हर बंदरातून दिवसाला दहा हजारांपर्यंत ट्रक जा-ये करायचे, आणि हे सगळं मध्ये कुठे कागद न दाखवता, कस्टम्सची रांग न लावता चालू होतं. समोर २७ देश होते, त्यांचं नुकसान झालं असतं तरी ते २७ घरांत वाटलं जाणार होतं. जर्मनीचे मोटार बनवणारे त्यांच्या तेव्हाच्या चान्सलर मर्केलबाईंवर दबाव आणतील आणि ब्रिटनला हवं ते मिळेल असं बाहेर पडायच्या बाजूचे लोक तेव्हा ठामपणे सांगायचे. तसं काही झालं नाही, त्या कारखानदारांनी स्वच्छ सांगितलं की आम्हाला आमची २७ देशांची एक बाजारपेठ टिकणं जास्त महत्त्वाचं आहे.

तरी पण धमकी द्यायची असेल तर देता येते, मी ते पण मान्य करते, फक्त तिची तयारी समोरच्याला दिसली पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये काय दिसलं, तर केंट परगण्यातल्या मॅन्स्टनच्या बंद पडलेल्या विमानतळावर सरकारने नो-डील झालं तर लागणाऱ्या ट्रकच्या रांगेची रंगीत तालीम घेतली. दीडशेपर्यंत ट्रक बोलावले होते, आले ८९. ते ८९ ट्रक एकामागोमाग डोव्हरच्या दिशेने गेले आणि परत आले, आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह. त्याच सुमाराला नो-डीलसाठी जादा बोटींची सोय म्हणून जे कंत्राट दिलं ते स्वतःचं एकही जहाज नसलेल्या कंपनीला, १ कोटी ३८ लाख पौंडांचं, ते पण दीड महिन्यात रद्द करावं लागलं. युरोपियन युनियनच्या मुख्यालयात, ब्रुसेल्समध्ये बसलेल्या माणसांना टीव्ही दिसत होताच की. त्यांना पार्लमेंटचा ठराव कशाला हवा?

आता तारखांकडे या, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. पार्लमेंटने नो-डील नको म्हणून मतदान केलं ते १३ मार्च २०१९ ला. म्हणजे बाहेर पडायला उरले होते सोळा दिवस. आणि हातातला सगळ्यात मोठा पत्ता टाकून झाला होता २९ मार्च २०१७ ला, जेव्हा युरोपियन युनियनच्या करारातल्या कलम ५० खालचं, बाहेर पडतोय असं सांगणारं पत्र युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांच्या हातात दिलं. हे कलम असं आहे की पत्र कधी द्यायचं ते पूर्णपणे तुमच्या हातात, एकदा दिलं की मात्र दोन वर्षांचं घड्याळ सुरू, आणि मुदत वाढवून हवी तर बाकीच्या सगळ्या देशांनी एकमताने हो म्हणायला हवं. म्हणजे पत्र खिशात होतं तोवर घाई युरोपला होती आणि दिलं त्या मिनिटापासून घाई ब्रिटनला. ते पत्र खिशातून काढायच्या आधी आपल्याला सिंगल मार्केटमध्ये (सगळ्यांना एकच नियम असलेल्या बाजारात) राहायचंय का, कस्टम्स युनियनमध्ये (आपसात जकात नसलेल्या गटात) राहायचंय का, आयर्लंडच्या सीमेचं काय करायचं यातलं घरात काहीही ठरलेलं नव्हतं. मे बाईंनी स्वतः भाषणात सांगितलं होतं की सिंगल मार्केट सोडणार, पण ते त्यांच्या सगळ्या मंत्र्यांना, पार्लमेंटला आणि देशाला मान्य आहे का हे विचारलं कुणी? आणि नवल म्हणजे फेब्रुवारी २०१७ मध्ये ते पत्र द्यायच्या विधेयकावर खासदारांनी ४९८ विरुद्ध ११४ असं मतदान केलं. तुम्ही ज्या ठरावावर रागावलात त्यापेक्षा मला या मतदानाचा राग जास्त येतो. तेव्हा विचारायला हवं होतं की बाई, पत्र देताय खरं, पण पुढे कुठे जायचंय?

पुढचं सगळं त्यातूनच आलं. डेव्हिड डेव्हिस हे ब्रेक्झिटचे मंत्री, ते मे २०१७ मध्ये म्हणाले की आधी घटस्फोट (बाहेर पडण्याचा हिशेब) मग व्यापार हा युरोपचा क्रम आम्ही मानणार नाही, यावरून उन्हाळाभर भांडण होईल. बोलणी सुरू झाली १९ जूनला, आणि पहिल्याच दिवशी तो क्रम मान्य करून मोकळे. मधल्या काळात मे बाईंनी मुदतपूर्व निवडणूक घेऊन स्वतःचं बहुमत घालवलं होतं, घड्याळ चालू होतंच. जुलैमधला एक फोटो तेव्हा खूप फिरला, टेबलाच्या एका बाजूला युरोपच्या वतीने बोलणी करणारे मिशेल बार्निए आणि त्यांचे दोन सहकारी, समोर कागदांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला डेव्हिस आणि त्यांचे दोघे, टेबलावर कागद जवळपास नाहीतच. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं की कागद बॅगेत होते, आणि ते खरंच असेल, एका फोटोवरून कुणाला मूर्ख ठरवणं मला पटत नाही. पण बॅगेत काय होतं यावर त्यांच्याच कॅबिनेटमध्ये वर्षभर एकमत नव्हतं, ते झालं जुलै २०१८ मध्ये चेकर्सला, पंतप्रधानांच्या गावाकडच्या बंगल्यावर, आणि तेही दोन दिवस टिकलं, आधी डेव्हिस राजीनामा देऊन गेले मग दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन.

मी तेव्हा लंडनला होते. १५ जानेवारी २०१९ च्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पार्लमेंट स्क्वेअरला गेले होते, थंडी म्हणजे बोटं वाकत नव्हती. मोठ्या स्क्रीनवर निकाल सांगितला, बाजूने २०२, विरोधात ४३२. मे बाईंचा करार २३० मतांनी पडला. आणि माझ्या डावीकडचे युरोपचे निळे झेंडेवाले ओरडून नाचायला लागले आणि उजवीकडचे युनियन जॅकवाले पण ओरडून नाचायला लागले. एकाच क्षणाला, एकाच निकालावर. एका बाजूला वाटलं आता परत सार्वमत होणार, दुसऱ्या बाजूला वाटलं आता कराराशिवाय थेट बाहेर. शेजारी एक म्हातारे गृहस्थ हातात थर्मास घेऊन उभे होते, ते फक्त मान हलवत होते, काही बोलले नाहीत. दादा, मला विचाराल तर ब्रिटनचे हात पार्लमेंटने बांधले नाहीत, त्या दोन गर्दींना आपल्याला काय हवंय हे एकत्र बसून ठरवायला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या घरात शेताच्या वाटण्या झाल्या तेव्हा थोरले काका तीन वेळा बैठकीतून उठले, ‘चाललो कोर्टात’ म्हणत. तिन्ही वेळा कुणी थांबवलं नाही. कारण काकूला विहिरीकडचा तुकडा हवा होता आणि काकांच्या मुलाला रस्त्याकडचा, आणि हे समोर बसलेल्या सगळ्या भावांना माहीत होतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण मुलांना शिकवतो. देशाची बोलणी चालू असताना घरचेच खासदार, वकील, पेपरवाले चव्हाट्यावर भांडत होते, सरकारची गुपितं मागत होते. हा देशाशी द्रोह नाही का? निदान बोलणी होईपर्यंत तरी गप्प बसायला नको होतं का? — नाशिक

सर, म्हण खरी आहे पण मुठीत काहीतरी असावं लागतं, किंवा निदान समोरच्याला तिच्यात डोकावता येऊ नये. इथे दोन्ही नव्हतं. लंडनच्या कॅबिनेटमध्ये सकाळी झालेलं भांडण दुपारी पेपरवाल्यांच्या हातात असायचं, आणि ते बाहेर देणारे विरोधक नसायचे, मंत्री स्वतः असायचे, एकमेकांना खाली खेचायला.

दुसऱ्या बाजूने काय केलं ते सांगते, कारण ते आपल्याकडे फारसं कुणी लिहिलं नाही. युरोपियन कमिशनने आपली बोलणीची कागदपत्रं वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली. आपण काय मागणार, कुठल्या क्रमाने मागणार, सगळं. एप्रिल २०१७ च्या शेवटी २७ देशांचे प्रमुख एकत्र बसले आणि बोलणीची दिशा काही मिनिटांत मंजूर करून उठले. तीन गोष्टी आधी, इकडे-तिकडे राहणाऱ्या नागरिकांचे हक्क, पैशांचा हिशेब आणि आयर्लंडची सीमा. बार्निए दर काही आठवड्यांनी या राजधानीतून त्या राजधानीत जायचे, तिथल्या पार्लमेंटपुढे बसायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायचे. म्हणजे त्यांनी मूठ उघडी ठेवली आणि तीच त्यांची ताकद झाली, कारण एवढं सगळ्यांसमोर मांडल्यावर ब्रिटनला एखाद्या देशाला बाजूला घेऊन फोडता येईना. ब्रिटनने तसा प्रयत्न बराच केला, या देशाच्या पंतप्रधानांना भेट, त्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्याला भेट. ते सगळे चहा पाजायचे आणि सांगायचे की बार्निएंशी बोला.

आणि गप्प बसायचं म्हणजे कुणी? सर आयव्हन रॉजर्स हे युरोपियन युनियनमधले ब्रिटनचे राजदूत होते, ब्रुसेल्सची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस. ते सांगत होते की हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, व्यापार करार व्हायला वर्षानुवर्षं लागू शकतात. त्यांच्यावर निराशावादी म्हणून शिक्का बसला आणि जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे पत्र द्यायच्या तीन महिने आधी, त्यांनी राजीनामा दिला. जाताना सहकाऱ्यांना लिहिलं की गोंधळलेल्या विचारांना आणि आधार नसलेल्या युक्तिवादांना आव्हान देत राहा. हा माणूस देशद्रोही होता असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. तसंच त्या तीन न्यायाधीशांचं. पत्र देण्याआधी पार्लमेंटला विचारा एवढाच निकाल त्यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये दिला, तर दुसऱ्या दिवशी एका मोठ्या पेपरने पहिल्या पानावर त्यांचे फोटो छापून वर ‘जनतेचे शत्रू’ असं लिहिलं. पुढे जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पण ८ विरुद्ध ३ असा तोच निकाल कायम केला.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची पण सांगते. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने आयर्लंडच्या सीमेवर परत नाकी लागू नयेत म्हणून करारात घातलेल्या तरतुदीवरचा आपल्याच ॲटर्नी जनरलचा कायदेशीर सल्ला पूर्ण दाखवायला नकार दिला, तर पार्लमेंटने ३११ विरुद्ध २९३ मतांनी सरकारवर अवमानाचा ठपका ठेवला आणि सरकारला तो सल्ला छापावा लागला. वकिलाचा सल्ला अशिलाचा असतो, तो बोलणी चालू असताना बाहेर यावा हे मला पण बरं वाटलं नव्हतं. पण मग छापून आल्यावर त्यात दिसलं काय, तर ही तरतूद एकदा लागू झाली की दोन्ही बाजूंनी मान्य केल्याशिवाय त्यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. जे खासदार त्यावर मत देणार त्यांना हे माहीत नको?

प्रश्न : ताई, मी मालवण तालुक्यातली. आमच्या वराडचे लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पण लंडनला असलेला माझा मामेभाऊ म्हणतो की त्यांनीच आडमुठेपणा करून सगळी बोलणी अडकवली, नाहीतर २०१८ मध्येच सगळं मिटलं असतं. हे खरं का? आणि एवढ्याशा देशाचं एवढं चाललं कसं?

ताई, पेढे वाटलेत ते बरं केलंत. वडील डॉक्टर अशोक वराडकर, मूळ वराडचे, आणि लिओ डिसेंबर २०१९ मध्ये घरच्यांना घेऊन गावात येऊन गेले. हे लक्षात ठेवा की ते वराडला आले तेव्हा त्या सगळ्या बोलणीतला सगळ्यात कठीण भाग नुकताच संपला होता.

मामेभावाचं म्हणणं लंडनमध्ये तेव्हा खूप जण म्हणायचे. तुम्हाला सीमा म्हणजे काय हे मला समजावून सांगायला नको, लॉकडाऊनमध्ये पत्रादेवीला आणि दोडामार्गला नाकी लागली तेव्हा गोव्यात रोज कामाला जाणाऱ्या पोरांचं काय झालं ते तुम्ही जवळून बघितलं असेल. आयर्लंडमध्ये ती सीमा, म्हणजे ब्रिटनमध्ये असलेलं उत्तर आयर्लंड आणि दक्षिणेतला स्वतंत्र आयर्लंड देश यांच्यामधली, जवळपास ५०० किलोमीटरची आहे आणि तिच्यावरून जाणारे रस्ते दोनशेच्या वर. उत्तरेतल्या गोठ्यातलं दूध दक्षिणेतल्या डेअरीत जातं, शेत एका देशात आणि घर दुसऱ्या देशात असे लोक आहेत. आणि हे सगळं पूर्वीपासून असं सरळ नव्हतं. तीस वर्षं तिथे बाँब आणि गोळ्या चालल्या, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, सीमेवर सैनिकांचे टॉवर होते. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर हळूहळू ते टॉवर गेले. दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये असल्याने माल तपासायची गरजच नव्हती, म्हणून सीमा अशी राहिली की गाडीतून जाताना फक्त मैलाच्या जागी किलोमीटरची पाटी दिसली की कळतं आपण आलो पलीकडे.

ब्रिटन बाहेर पडलं, कस्टम्स युनियन पण सोडलं, की माल कुठेतरी तपासायला हवा. जागा तीनच. आयर्लंडच्या त्या सीमेवर, म्हणजे परत नाकी. किंवा उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रावर, म्हणजे एकाच देशात आत तपासणी. किंवा अख्ख्या ब्रिटनने युरोपचे नियम पाळत राहायचं, मग तपासणीच नको. चौथी जागा कुणालाच सापडली नाही, कॅमेरे लावू, सॉफ्टवेअर करू वगैरे बरंच बोललं गेलं. डब्लिनने, म्हणजे आयर्लंडच्या सरकारने, पहिलीला नाही म्हटलं, बेलफास्टच्या, उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं म्हणणाऱ्या डीयूपी पक्षाने दुसरीला, आणि मे बाईंच्या स्वतःच्या पक्षातल्या कट्टर ब्रेक्झिटवाल्यांनी तिसरीला. आता सांगा आडमुठं कोण?

आणि डब्लिनची ही भूमिका काही एकट्या वराडकरांची नव्हती, त्यांच्या आधीचे पंतप्रधान एंडा केनी यांनी २०१६ च्या सार्वमताच्या निकालापासूनच सगळ्या युरोपात फिरून हे पटवायला सुरुवात केली होती. घरात सत्ताधारी आणि विरोधक दोघांचं यावर एकमत होतं. एवढ्याशा देशाचं चाललं ते त्यामुळे. ४ डिसेंबर २०१७ चा दिवस आठवून बघा. मे बाई ब्रुसेल्सला युरोपियन कमिशनचे अध्यक्ष युंकर यांच्याबरोबर जेवायला बसल्या होत्या, मसुदा तयार होता, डब्लिनला वराडकर पत्रकार परिषदेची वाट बघत होते. तेवढ्यात बेलफास्टहून डीयूपीच्या अर्लीन फॉस्टर यांचा निरोप आला की आम्हाला हे चालणार नाही, आणि मे बाईंना जेवण सोडून फोन घ्यावा लागला. दहा खासदारांचा पक्ष, पण बहुमत गेल्यावर सरकार त्यांच्याच टेकूवर उभं होतं. करार चार दिवसांनी झाला, पण घरचं आधी मिटवलेलं नसलं की काय होतं ते सगळ्या युरोपाने त्या जेवणाच्या टेबलावर बघितलं.

प्रश्न : तुम्ही कितीही म्हणा, शेवटी मे बाईंनंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सनने २०१९ मध्ये ‘३१ ऑक्टोबरला काहीही झालं तरी बाहेर’ असा दम दिला आणि जो करार परत उघडणारच नाही असं युरोप म्हणत होता तोच उघडला. म्हणजे दमदाटी चालतेच ना? — एमबीएचा विद्यार्थी, पुणे

छान प्रश्न आहे आणि अर्धा बरोबर आहे. युरोपने करार उघडला हे खरं, आणि अख्ख्या ब्रिटनला बांधणारी तरतूद काढली हे पण खरं, उत्तर आयर्लंडच्या विधानसभेला दर काही वर्षांनी या व्यवस्थेवर मत द्यायचा हक्क पण नवीन होता, त्याप्रमाणे डिसेंबर २०२४ मध्ये तिथे मतदान झालं सुद्धा. एवढं श्रेय जॉन्सनना द्यायलाच हवं.

पण बदल्यात काय दिलं ते बघ. १० ऑक्टोबर २०१९ ला जॉन्सन आणि वराडकर लिव्हरपूलजवळच्या विरलमध्ये एका लग्नाच्या हॉटेलात भेटले, बागेत दोघं चालत बोलत होते तो फोटो तू बघितला असशील. बाहेर आले तेव्हा म्हणाले की वाट दिसतेय. सात दिवसांत करार झाला. आणि ती वाट म्हणजे वर मालवणच्या ताईंना सांगितलेली दुसरी जागा, समुद्रावरची तपासणी. हाच प्रस्ताव युरोपने फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवला होता तेव्हा मे बाई म्हणाल्या होत्या की ब्रिटनचा कुठलाही पंतप्रधान हे कधीच मान्य करू शकणार नाही. आणि जॉन्सन स्वतः नोव्हेंबर २०१८ मध्ये बेलफास्टला डीयूपीच्या अधिवेशनात जाऊन सांगून आले होते की असल्या व्यवस्थेवर कुठल्याही कंझर्व्हेटिव्ह सरकारने सही करता कामा नये. अकरा महिन्यांनी त्यांनीच केली. तर मग करार दमाने उघडला की जी गोष्ट युरोपला आधीपासून चालत होती ती मान्य केल्यामुळे? तुझ्या एमबीएच्या वर्गात हा प्रश्न जरूर विचार.

आणि ३१ ऑक्टोबरचं म्हणशील तर ती तारीख पण गेलीच. मधे पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवायचा प्रयत्न झाला, तो सुप्रीम कोर्टाने २४ सप्टेंबरला अकराच्या अकरा न्यायाधीशांच्या एकमताने बेकायदा ठरवला, मुदतवाढ मागायचं पत्र कायद्याने पाठवावं लागलं तर ते सही न करता पाठवलं. शेवटी सुटका झाली ती डिसेंबरच्या निवडणुकीत ८० चं बहुमत मिळाल्यावर, म्हणजे घरातलं भांडण मतपेटीत मिटल्यावर, आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन बाहेर पडलं. पुढे २०२० च्या सप्टेंबरमध्ये परत तेच, स्वतः सही केलेल्या करारातला काही भाग मोडायचं विधेयक आणलं आणि मंत्री सभागृहात उभं राहून म्हणाले की हो, यामुळे आंतरराष्ट्रीय कायदा मोडतो, पण मर्यादित स्वरूपात. सरकारच्या कायदा खात्याचे मुख्य अधिकारी त्याच दिवशी राजीनामा देऊन गेले. ती कलमं डिसेंबरमध्ये मागे घेतली. मला त्या वाक्याचं आजही वाईट वाटतं. ज्या देशाच्या सहीवर जग कर्ज देतं त्या देशाने असं बोलावं?

समुद्रावरच्या तपासणीचा त्रास उत्तर आयर्लंडच्या लोकांनी मात्र भोगला, रोपांपासून सॉसेजपर्यंत. तो बराचसा कमी झाला तो २७ फेब्रुवारी २०२३ ला तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांनी केलेल्या विंडसर फ्रेमवर्क या करारामुळे. तिथेच राहणार असलेल्या मालाला हिरवी रांग, पुढे युरोपात जाऊ शकणाऱ्याला लाल रांग. ती बोलणी कशी झाली माहितेय का, काही महिने कुणी जाहीर धमकी दिली नाही, तारखा दिल्या नाहीत, दोन्हीकडचे अधिकारी आकडे आणि डेटा घेऊन बसले.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण दोघी लेस्टरला, लग्न होऊन आलो तेव्हापासूनची ओळख. तिने २०१६ ला बाहेर पडायला मत दिलं, मी राहायला. तिचं म्हणणं होतं की युरोपच्या लोकांना सरळ येता येतं आणि आपल्या भावाला व्हिसासाठी एवढे कागद, हे बरोबर नाही. नंतर बोलणी कशी करावी यावरून आमचं इतकं वाजलं की गणपतीत पण बोलत नव्हतो. आता मला ते फार लागतं. काय करू?

तुमचं पत्र वाचून डोळ्यात पाणी आलं, कारण आमच्या ओळखीतल्या दोन घरांत हेच झालं. मैत्रिणीचं म्हणणं साधं आणि खरं होतं, रांगेतला तो फरक तिला रोज दिसत होता. १ जानेवारी २०२१ पासून तो फरक कायद्याने गेला पण, युरोपातून (आयर्लंड सोडून) येणाऱ्याला आणि भारतातून येणाऱ्याला आता तीच पॉइंटची पद्धत.

तुम्ही दोघी भांडलात ते धमकी द्यावी का, मुदत वाढवावी का यावर. मी तुमच्या जागी असते तर चहाला बोलावलं असतं आणि ते सगळं बाजूला ठेवून विचारलं असतं की तुला तेव्हा नक्की काय हवं होतं गं, नॉर्वेसारखं बाहेर राहून बाजारात आत, की कॅनडासारखा नुसता व्यापाराचा करार, की काहीच नको. हे तिला तेव्हा कुणी विचारलं नसणार. २३ जूनच्या मतपत्रिकेवर दोनच चौकोन होते, राहायचं आणि सोडायचं, आणि पेन्सिल दोरीने बांधलेली.